ज्यूरीचे मौन आणि तज्ज्ञाचे मौन

ज्यूरीच्या सदस्याने निवडीच्या वेळी स्वतःविषयीची माहिती दडविली, तर निकाल टिकावा काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मॅक्डोनो खटल्यात यासाठी दुहेरी कसोटी सांगितली : महत्त्वाच्या प्रश्नास अप्रामाणिक उत्तर मिळालेले असावे, आणि खरे उत्तर त्या सदस्यास वगळण्याचे सबळ कारण ठरले असते, असे दिसावे. भारतातही १८९८ च्या फौजदारी संहितेचे कलम २७८ पक्षपाताच्या कारणावरून हरकतीस वाव देई. १९७३ च्या संहितेने ज्यूरीच संपविली. १९९९ साली निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न म्हणूनच गैरलागू वाटेल.

वस्तुतः प्रश्न मिटला नाही, त्याने केवळ आसन बदलले. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो शासकीय सेवेतील डॉक्टरचे, घ्यावे असे ठरविले. वृथा छळापासून वैद्यांचे रक्षण हा हेतू स्तुत्यच होय. परंतु येथे ‘स्वतंत्र’ हा गुण गृहीत धरला आहे. तो पारखण्याची रीत सांगितलेली नाही. लहान जिल्ह्यात मत देणारा व आरोपी सहाध्यायी वा सहकारी असणे अशक्य नाही. ज्यूरीच्या सदस्यास उघड न्यायालयात हरकत घेता येई. तज्ज्ञाचे मत मात्र तपासाच्या कागदांत दाखल होते, आणि ते डॉक्टरास अनुकूल असल्यास खटला सहसा उभाच राहत नाही. मृताच्या आप्तांनी प्रश्न विचारावयाचा कोठे?

तज्ज्ञाकडून परस्परसंबंधांचे लेखी निवेदन घेणे, हाच त्यावरील किमान उपाय होय. न विचारलेल्या प्रश्नास अप्रामाणिक उत्तर संभवत नाही. म्हणून प्रथम प्रश्न विचारला गेला पाहिजे.