शिवकालाचे पुनर्दर्शन आणि वस्त्राचा पुरावा

ऐतिहासिक प्रसंगांचे पुनर्दर्शन घडविण्याची प्रथा महाराष्ट्रात आता चांगलीच दृढमूल झाली आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ या महानाट्याने १९८० च्या दशकात तिला भव्य रूप दिले. रायगडावरील राज्याभिषेकदिनाचे सोहळे, शिवजयंतीच्या मिरवणुका, मर्दानी खेळांची पथके आणि शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांनी ती खेड्यापाड्यांत पोहोचविली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके तिला अपवाद नाहीत. या उपक्रमांत रमणाऱ्या मंडळींचा एक सैलसर समाजच तयार झाला असून त्याचे संकेत, त्याचे वादविषय आणि त्याची अभिरुची ही अभ्यासाला पात्र आहेत. प्रस्तुत लेखात त्यांतील एकाच अंगाचा, म्हणजे कापडाचा, विचार करावयाचा आहे.

या मंडळींच्या बैठकीत बसण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांना एक गोष्ट तत्काळ जाणवली असेल. तलवारीची मूठ मराठा धाटणीची की मोगली, बुरुजाचा चुना कशाचा, अमुक गड कोणत्या तिथीस घेतला, यांवर तेथे तासन् तास वाद रंगतो. जाम्याचे बंद उजवीकडे असावेत की डावीकडे, हाही प्रश्न हिरिरीने लढविला जातो. पण तो जामा कोणत्या सुताचा, त्याचा पन्हा किती, तो कोणत्या मागावर विणला असेल, हे सहसा कोणी विचारीत नाही. शस्त्र हा इतिहास मानला जातो. कापड ही ‘वेशभूषा’ ठरते आणि ते भाड्याने आणले जाते. आमच्या मते या पुनर्दर्शनांचा मुख्य दोष येथेच आहे. वस्त्राला शोभेचे स्थान देऊन त्याचे पुराव्याचे स्थान काढून घेतले गेले आहे.

शहापूर-मुरबाडचा प्रदेश या दृष्टीने उपेक्षणीय नव्हे. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा अंक संपला. बाल निजामशहासह शहाजीराजे तेथेच वेढले गेले होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला व १६७० साली पुन्हा स्वराज्यात आला. मुरबाडवरून नाणेघाटाकडे जाणारी वाट ही कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारी बैलांच्या तांड्यांची वाट होय. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ साली मुंबईहून जुन्नरला गेला तो याच मुलखातून. म्हणजे येथील प्रेक्षकांना मध्ययुग दाखवावयाचे तर ते परमुलखातून आणण्याचे कारण नाही. ते त्यांच्या शिवारातच घडले आहे.

आता रंगमंचावर काय दिसते ते पाहावे. मावळा अवतरतो तो बहुधा चकचकीत साटिनच्या बाराबंदीत. तिला सोनेरी काठ असतो, कमरेला त्याच जातीचा शेला आणि डोक्याला शिवून तयार केलेले पागोटे. हे कापड बहुतेक पॉलिएस्टरचे असते. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडात प्रथम निर्माण झाला, ही कालविसंगती आम्हांस तितकीशी खुपत नाही. नाटक हे नाटकच असते. खुपते ते असे की, त्या चकाकीमुळे राजा, सरदार, शिलेदार आणि पायीचा हशम हे सर्व एकाच कापडाचे बनतात. मध्ययुगीन समाजात माणसाची पायरी ओळखण्याचे पहिले साधन कापड हे होते. दख्खनी चित्रकारांनी काढलेली शिवाजीमहाराजांची जी सतराव्या शतकातील चित्रे अ‍ॅम्स्टरडॅम व लंडन येथील संग्रहालयांत आहेत, त्यांत अंगावरचा जामा, कमरेचा पटका आणि शिरपेचयुक्त पगडी यांचे पोत चित्रकाराने निरनिराळे दाखविले आहेत. तो भेद त्या काळच्या डोळ्याला महत्त्वाचा वाटत होता. आपण तो पुसून टाकला, आणि ज्या स्वराज्याचे मोठेपण दरिद्री डोंगरी माणसाच्या बळावर उभे होते असे निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगत असतो, त्या माणसाचे दारिद्र्यच रंगमंचावरून नाहीसे केले.

त्या माणसाचे वस्त्र कोणते होते? लंगोटी, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी. पावसाळ्यात शेतात पानांचे इरले. घोंगडी ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस वापरात असलेली वस्तू असून तिची कृती मोठी बोधप्रद आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातरून, पिंजून, हाताने सूत काढावयाचे. उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावयाची, म्हणजे राठ केसाळ धागा घासून तुटत नाही. आणि मग खड्ड्यातील मागावर संगराने तो विणावयाचा. काळा रंग मेंढीचा स्वतःचा असतो. त्यास रंगाऱ्याची गरज नाही. घोंगडी हे अंथरूण, पांघरूण, पावसाचे आच्छादन आणि धान्याची खोळ अशी चारही कामे करते. किल्ल्यावरील पहाऱ्याचे एखादे दृश्य घोंगडीवाचून लिहिणे म्हणजे माहुलीच्या माथ्यावरील पाऊस व वारा या दोहोंना रजा देणे होय. मुरबाड तालुक्यातील अशाच एका प्रयोगाला आम्ही हजर होतो. थंडी बरीच होती. प्रेक्षकांत पुढे जमिनीवर बसलेल्या दोघा-तिघा वृद्धांनी घोंगड्या लपेटून घेतल्या होत्या, आणि त्या सबंध मैदानात शिवकालाशी जुळणारे कापड तेवढेच होते.

दुसरा मुद्दा शिवणकामाचा. हल्ली जिजाऊसाहेबांची भूमिका करणारी मुलगी बहुधा ‘शिवलेली नऊवारी’ नेसते, किंबहुना ती नेसत नाही, परकरासारखी चढविते. सोयीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे आपल्याकडील वस्त्रपरंपरेचे मर्मच हातचे जाते. जामा, अंगरखा, चोळी ही शिवलेली वस्त्रे होतीच. पण लुगडे, धोतर, शेला, पटका, पासोडी या वस्त्रांना शिंप्याचा हात लागत नसे. ती मागावरच पुरी होत. काठ कोठे, पदर केवढा, लांबी किती, हे विणकर ताणा लावतानाच ठरवून बसलेला असे. धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावयाचा, त्यामुळे कापडाचा पन्हा माणसाच्या हातांच्या आवाक्याबाहेर सहसा जात नसे. दोरीच्या झटक्याने धोटा पळविण्याची युक्ती जॉन के याने १७३३ साली इंग्लंडात काढली आणि ती आपल्या विणकरांच्या हाती पडावयास पुढे बराच काळ जावा लागला. म्हणजे मध्ययुगीन वस्त्राची रुंदी ही विणकराच्या शरीराची खूण आहे. नेसण्याच्या पद्धतींचा विचार या रुंदीपासून सुरू व्हावयास हवा.

पैठणीचीही अशीच गोष्ट. खऱ्या पैठणीच्या पदरावरील नक्षी ही आडव्या धाग्यांच्या निरनिराळ्या कांड्या हाताने गुंतवून भरलेली असते; त्यामुळे ती उलटसुलट सारखीच दिसते. रंगमंचावरील पैठणीचा पदर उलटून पाहावा. मागे लोंबणारे किंवा कातरलेले धागे दिसले तर ती यंत्रावर, जाकारने १८०४ च्या सुमारास फ्रान्सात सिद्ध केलेल्या योजनेच्या साह्याने, विणलेली आहे असे खुशाल समजावे. येवल्याचा हातमाग अद्याप चालू आहे आणि शहापूरहून कसारा घाट चढून नाशिकमार्गे तेथे एका दिवसात जाऊन येता येते. पण आमच्या ऐतिहासिक सोहळ्यांत लोहार, शाहीर, गोंधळी, न्हावी सारे दिसतात, विणकर मात्र दिसत नाही. ज्या नाशिकच्या वाटेचा उल्लेख आत्ताच केला तेथील लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्यात भिक्षूंच्या चीवरांसाठी व इतर खर्चासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. हा काळ मध्ययुगाच्या फार आधीचा खरा. तथापि ज्या मुलखात विणकर हा राजकुळाची ठेव सांभाळण्याइतका विश्वासाचा माणूस होता, तेथे त्याला इतिहासाच्या देखाव्यातून वगळणे शोभत नाही.

राज्यकारभाराकडे वळले तर ही उपेक्षा अधिकच अर्थपूर्ण ठरते. अठरा कारखान्यांपैकी जामदारखान्यात वस्त्रे आणि मौल्यवान जिनसा असत. फरासखान्यात राहुट्या व बिछाईत. अधिकार दिला जाई तो वस्त्रांच्या रूपाने. १७१३ साली शाहूमहाराजांनी बाळाजी विश्वनाथास आणि १७२० साली बाजीरावास पेशवाई दिली, तिला आपली भाषा आजही ‘पेशवाईची वस्त्रे दिली’ असेच म्हणते. येथे वस्त्र हे पदाचे चिन्ह नव्हे; ते देणे हीच नेमणूक. आमच्या महानाट्यांत या प्रसंगी काय होते? तबकातून एक शाल येते, खांद्यावर टाकली जाते आणि लगेच तलवार दिली जाते. टाळ्या तलवारीस पडतात. गावच्या सत्कारसमारंभातील शाल-श्रीफळ इतिहासात मागे ढकलून दिल्यासारखे हे वाटते, वस्तुतः शालच त्या जुन्या वस्त्रदानाचा क्षीण अवशेष आहे.

हा दोष केवळ हौशी मंडळींचा आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी आपले पंचीकरण लिहिले. दासोपंतांचा मृत्यू १६१५ सालचा. म्हणजे शिवजन्मापूर्वीचे हे मराठी मुलखातील कापड आहे. मराठीच्या विभागांत आपण त्यावरील ओव्या वाचतो. दर इंचात ताण्याचे धागे किती, सूत किती पिळाचे, हे प्रश्न आपण आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवत नाही. ज्ञानेश्वरीतील तंतू आणि पट यांचे दृष्टान्त शिकविताना आपल्यांतील किती जणांनी माग पाहिलेला असतो? भाषेतही हा पुरावा पडून आहे. केशवपन केलेल्या विधवेच्या तांबड्या वस्त्राला ‘आलवण’ म्हणत, ते आल या झाडाच्या मुळीच्या रंगावरून. करडईच्या फुलांवरून कुसुंबी. ‘खारवा’, ‘पासोडी’, ‘तिवट’ असे शब्द मोल्सवर्थच्या कोशात मिळतात. त्यांची कापडे समोर ठेवणे मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

रंगांच्या बाबतीत शहापूर-मुरबाडचे महत्त्व विशेष आहे. कृत्रिम रंगांचा प्रारंभ १८५६ सालचा. त्यापूर्वीचा प्रत्येक रंग झाडातून, मुळीतून, मातीतून किंवा किड्यातून येई. कातकरी या जमातीचे नावच काताच्या धंद्यावरून पडले आहे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळून, तो काढा आटवून कात काढीत. तो विड्यात जाई तसाच कापड, जाळी व शिडे रंगविण्यासही उपयोगी पडे आणि तपकिरी रंग देऊन धाग्याचा टिकाऊपणा वाढवी. इंग्रजी अमलातील वननिर्बंधांनी हा धंदा मोडला. आज तेच कातकरी कुटुंब वीटभट्टीवर दिसते. मुरबाडच्या घाटाखालच्या रानातील हिरडा हा रंगाऱ्याचा पहिला सोबती होय. सुती कापड हिरड्याच्या पाण्यात बुडविल्याशिवाय पुढचा रंग नीट धरीत नाही आणि हिरड्याशी लोह मिळाले की काळा रंग तयार होतो. ही माहिती ज्यांच्या हातांत आहे ती माणसे या सोहळ्यांत आली तर प्रेक्षक म्हणून येतात, किंवा ‘आदिवासी नृत्य’ या स्वतंत्र कार्यक्रमापुरती मंचावर चढविली जातात. शिवकालाच्या देखाव्यात त्यांना जागा नसते. हा अन्याय कापडाच्या प्रश्नाहून मोठा आहे, पण तो कापडातून स्पष्ट दिसतो.

परदेशातील प्रघाताशी तुलना करणे येथे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत बर्कली येथे १९६६ साली युरोपीय मध्ययुगाच्या पुनर्दर्शनासाठी एक संस्था निघाली. तिच्या मेळाव्यांत द्वंद्वयुद्धांबरोबर सूतकताई, रंगाई व विणकाम यांच्याही स्पर्धा होतात. छिद्रे पाडलेल्या लहान पत्त्यांतून धागे ओवून अरुंद पट्ट्या विणणे हा तेथील आवडता उद्योग असून, नमुन्याबरोबर त्याच्या आधारांचे टिपणही जोडावे अशी अपेक्षा असते. डेन्मार्कमधील लायर येथे १९६४ साली प्रायोगिक पुरातत्त्वाचे केंद्र निघाले. तेथे प्राचीन मागांची पुनर्रचना करून कापड विणून पाहतात. या शिस्तीचे आम्हांस कौतुक वाटते. तिच्या मर्यादाही उघड आहेत. त्या अमेरिकन मेळाव्यांत जो तो सरदार होतो, आणि विणकाम हा सुटीच्या दिवसाचा छंद राहतो. त्यावर पोट भरणारा माणूस तेथे नसतोच. त्यांना विणणे स्वतः शिकावे लागले, कारण शिकविणारा उरला नव्हता. आमच्याकडे तो आहे, आणि आम्ही त्याला बोलावीत नाही.

यावर आक्षेप येईल तो खर्चाचा. शेकडो पात्रांच्या महानाट्याला हातमागाचे कापड परवडणार नाही, आणि पन्नास यार्डांवरून प्रखर प्रकाशात पाहणाऱ्याला खादी व साटिन यांतील फरक कळणार नाही, असे सांगितले जाते. आक्षेपाचा पहिला भाग मान्य. म्हणूनच शेजारच्या भिवंडीच्या यंत्रमागावरील जाडेभरडे सुती कापडही मावळ्यास साटिनपेक्षा शतपटीने शोभेल असे आम्ही म्हणतो. दुसरा भाग मात्र खरा नाही. सुती कापड प्रकाश शोषून घेते, साटिन तो परतवते. हा भेद सर्वांत आधी दुरूनच कळतो. शिवाय घोंगडीच्या वजनाने खांदा जसा वाकतो तसा तो अभिनयाने वाकविता येत नाही.

शिवजयंती १९ फेब्रुवारीस येते. त्याच्या आधी, पौष पौर्णिमेस, मुरबाड तालुक्यात म्हसा येथील यात्रा भरते. तेथे बैलांचा मोठा बाजार असतो आणि घोंगड्याही विक्रीस येतात. जयंतीच्या सुमारास शहापूरच्या रानात पळस फुलू लागतो. त्याच्या फुलांचा केशरी-पिवळा रंग तुरटीबरोबर कापडाला चढतो, उन्हाने लवकर उडतो हेही खरे. मिरवणुकीसाठी भगव्या साटिनची मागणी नोंदविली जाते ती याच दिवसांत.