प्लास्टिकचे चिलखत आणि देहाचे माप : स्टॉर्मट्रूपरच्या वेशाची चिकित्सा

प्रस्तावना

नाट्य आणि चित्रपट यांच्या समीक्षेत वेशभूषेला सामान्यतः दुय्यम स्थान मिळते. संहिता, अभिनय, दिग्दर्शन यांची चर्चा आटोपल्यावर एखाद्या परिच्छेदात वेशाचा उल्लेख येतो आणि 'आकर्षक', 'प्रसंगानुरूप' अशा विशेषणांवर तो संपतो. वेश पाहिला जातो, तसाच तो कोणाच्या तरी अंगावर बसवावाही लागतो, ही गोष्ट समीक्षेच्या नजरेतून सहसा निसटते. 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील स्टॉर्मट्रूपर सैनिकांचे पांढरे चिलखत हे या दृष्टीने विशेष उद्‌बोधक उदाहरण आहे. चित्रपटासाठी निर्माण झालेला हा वेश आज जगभरातील हौशी कारागीर प्लास्टिकच्या सुट्या भागांतून घरी जुळवतात व स्वतःच्या देहावर बसवतात. या कृतीला निव्वळ नक्कल म्हणून बाजूला सारावे की तिच्यात स्वतंत्र मूल्य शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या वेशाचे मूल्य त्याच्या मूळबरहुकूम असण्यापेक्षा त्याच्या जुळणीत, म्हणजे साच्यातून आलेल्या आकाराला जिवंत देहाशी जमवून घेण्यात आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

वेशाची मूळ घडण

स्टॉर्मट्रूपरची कल्पना प्रथम रॅल्फ मॅक्वारी यांच्या चित्रांत आकारास आली. वेशभूषेची जबाबदारी जॉन मोलो यांच्याकडे होती. ते मुळात लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते आणि या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना १९७८ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. देहावरील चिलखताचे मातीचे नमुने ब्रायन म्यूर यांनी घडवले. शिरस्त्राणाचा मातीचा नमुना निक पेम्बर्टन यांनी केला आणि त्यावरून अँड्र्यू एन्सवर्थ यांनी चित्रपटासाठी ५० शिरस्त्राणे तयार केली, असे पुढे न्यायालयीन निवाड्यात नमूद झाले.

यासाठी वापरलेली पद्धत व्हॅक्यूम फॉर्मिंगची होती. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करावयाचा, साच्यावर टाकावयाचा आणि खालून हवा शोषून घेऊन तो साच्याला चिकटवावयाचा, हे तिचे तत्त्व होय. कमी खर्चात, कमी वेळात एकसारखे अनेक नग निघतात, हा तिचा गुण. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. साच्याच्या खोल कोपऱ्यांत पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. चहूबाजूंनी बंद असलेला आकार एका ओढीत निघत नाही; म्हणून दंड, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग, मांडी व पोटरी यांची कवचे पुढची व मागची अशा दोन अर्ध्या भागांत घडवावी लागतात. हे दोन अर्धे सांधण्याचे काम साचा करीत नाही. ते हातांनाच करावे लागते. जुळणीचा प्रश्न वेशाच्या उत्पादनपद्धतीतच असा अंतर्भूत आहे.

या वेशाचा चित्रपटातील अर्थ मात्र याच्या नेमका उलट आहे. 'स्टॉर्मट्रूपर' हे नावच जर्मन लष्करी इतिहासाची आठवण जागवते. चेहरा झाकलेले, परस्परांपासून वेगळे ओळखता न येणारे हे सैनिक सत्तेच्या यंत्राचे सुटे भाग म्हणून पडद्यावर येतात. व्यक्तीला पुसून टाकणे हे त्या पांढऱ्या कवचाचे कार्य आहे. तरीही देह पूर्णतः पुसला जात नाही. ल्यूक हे चिलखत चढवून राजकन्या लेआच्या कोठडीत शिरतो, तेव्हा तिच्या नजरेत प्रथम भरते ती या सैनिकाची कमी उंची. दुसऱ्या एका प्रसंगात दारातून आत येणाऱ्या एका सैनिकाचे डोके वरच्या कडेवर आपटते. चित्रीकरणातील ही चूक प्रेक्षकांना इतकी प्रिय झाली, की २००४ च्या आवृत्तीत त्या क्षणाला आपटण्याचा आवाजही जोडण्यात आला. कवच सर्वांचे एक असले तरी आतला माणूस एक नसतो, याची कबुलीच चित्रपटाने अशा रीतीने दिली आहे.

माया नसलेले वस्त्र

शिंपी कापड बेतताना शिवणीत माया सोडतो. अंग भरले तर ती उसवून कपडा सैल करता येतो. प्लास्टिकच्या पत्र्याला अशी माया नसते. जे कापले ते गेले. या एका फरकामुळे चिलखताची जुळणी शिवणकामापेक्षा निराळी शिस्त मागते.

साच्यातून निघालेल्या भागांच्या कडेला जादा पत्रा असतो. तो एकदम कापून टाकणे धोक्याचे असते. जाणता कारागीर आधी थोडे कापतो, भाग चिकटपट्टीने अंगावर तात्पुरता बांधतो, हात-पाय वाकवून पाहतो आणि मगच पुढची रेघ आखतो. सरळ कडेवर धारदार पात्याने रेघ ओढून पत्रा मोडला जातो. वळणाच्या जागी बाकदार कात्री लागते. शेवटी कानस व पॉलिश पेपर. दोन अर्ध्या भागांच्या कडा एकमेकींवर न चढवता समोरासमोर भिडवल्या जातात आणि त्या सांध्यावर सुमारे १५ ते २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी डकवली जाते. दंड वा मांडी जाड असेल तर दोन कडांमध्ये त्याच प्लास्टिकची पट्टी भरून परीघ वाढवतात. बारीक असेल तर कडा कापून तो कमी करतात. ही भरलेली पट्टी म्हणजे नंतर जोडलेली मायाच होय.

चिकटवण्याच्या पदार्थाची निवडही याच विचाराने होते. झटपट घट्ट होणारा पदार्थ चूक दुरुस्त करू देत नाही आणि चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी तडकतो. म्हणून अनेक कारागीर सावकाश सुकणारा, सुकल्यावरही किंचित लवचीक राहणारा पदार्थ पसंत करतात. चिमटे व लोहचुंबक लावून सांधा दिवसभर वा त्याहून अधिक काळ तसाच ठेवतात. ए.बी.एस. या प्लास्टिकचा एक गुण येथे उपयोगी पडतो. ते ॲसिटोनमध्ये विरघळते. कापलेल्या तुकड्यांचा असा लगदा करून फटी बुजवल्या, तर भराव व मूळ पत्रा एकाच द्रव्याचे राहतात. वाकण बदलावयाचे असेल तर गरम पाण्याची मदत घेतली जाते. हे प्लास्टिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. त्यामुळे उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात बुडवलेली कड पुरेशी नमते, परंतु आकार सर्वस्वी हरवत नाही.

यानंतर येतो तो न दिसणारा भाग : आतील वाद्या, इलॅस्टिक आणि टिचबटणे. छाती, पाठ, पोट, कंबर हे सारे भाग एकमेकांना टांगलेले असतात. वादी आखूड झाली तर पोटाचा भाग वर चढून श्वास अडवतो. लांब झाली तर मधून काळा अंतर्वेश उघडा पडतो. गुडघ्यामागे व काखेत कड कमी घासली असेल तर ती कातडी चिमटते. एवढे करूनही असा वेश घातलेल्या व्यक्तीला धड बसता येत नाही, खाली पाहता येत नाही, आणि वेश चढवताना दुसऱ्याचा हात लागतोच. सर्वांगाला झाकणारे हे चिलखत परिधान करणाऱ्याला परावलंबी करते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

भरताच्या नाट्यशास्त्राने आहार्य अभिनयाचा विचार करताना नेमकी हीच जाण दाखवली आहे. रंगभूमीवरील शस्त्रे व उपकरणे लोखंडासारख्या जड द्रव्यांची करू नयेत, कारण त्यांच्या भाराने नट थकतो. लाख, लाकूड, चामडे, कापड, बांबू अशा हलक्या द्रव्यांतून त्यांचा आभास निर्माण करावा, असा तेथील उपदेश आहे. प्लास्टिकचे चिलखत या परंपरेत सहज बसते. ते संरक्षण करीत नाही, संरक्षणाचे रूप धारण करते. आणि त्याची कसोटी ते धारण करणाऱ्याचा देह हीच असते.

अचूकतेचा निकष आणि त्याच्या मर्यादा

हौशी कारागिरांच्या '५०१ वी लीजन' या संघटनेची स्थापना आल्बिन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत केली. संघटनेने प्रत्येक वेशासाठी लिखित निकष ठरवले असून छायाचित्रे तपासून वेशाला मान्यता दिली जाते. रुग्णालयातील मुलांच्या भेटी, धर्मादाय निधीसंकलन अशा कार्यांत सदस्य हा वेश घालून सहभागी होतात. निकषांमुळे कामाचा दर्जा उंचावला, अनुभवाचा साठा निर्माण झाला आणि नवख्याला मार्गदर्शन मिळाले, हे मान्य करावयास हवे.

तथापि या अचूकतेचे स्वरूप तपासून पाहिले पाहिजे. मूळ चिलखत घाईत, कॅमेऱ्यासमोर काही क्षण उभे राहण्यासाठी घडलेले होते. त्याचे डावे-उजवे भाग तंतोतंत जुळत नाहीत. शिरस्त्राणावरील बारीक पट्टे हाताने रंगवलेले आहेत. आजचा कारागीर ही विषमता आणि तो हाताचा कंपही अत्यंत काळजीपूर्वक उतरवतो. तेथे घाईने झालेली गोष्ट येथे अनेक दिवसांच्या श्रमाने साधली जाते. नकलेचा आरोप या ठिकाणी अंशतः खरा ठरतो, कारण कारागिराचे कौशल्य स्वतःचा निर्णय घेण्याऐवजी दुसऱ्याचा अपघात जपण्यात खर्ची पडते.

परंतु हाच निकष देहापाशी येऊन थांबतो. शिरस्त्राणावरील पट्ट्यांची संख्या हुबेहूब ठेवता येते. मांडीचा घेर ठेवता येत नाही. मूळ साचे ज्या शरीरयष्टीला धरून होते, ती सर्वांची नसते. बुटक्या व्यक्तीने पोटरीचे कवच किती आखूड करावे, रुंद खांद्यांच्या व्यक्तीने छाती व पाठ यांतील अंतर कसे झाकावे, स्त्रीदेहावर सपाट छातीपट कसा बसवावा, या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही छायाचित्रात नाही. तेथे प्रमाणबद्धतेचा निर्णय कारागिरालाच घ्यावा लागतो. एखाद्या भागाचे मूळ माप जसेच्या तसे ठेवले तर बुटक्या अंगावर तो बेढब दिसतो. थोडे कापले तर मूळ रूपाचा भास अधिक खरा होतो. मापाशी केलेली प्रतारणा रूपाशी निष्ठा ठरते. भाषांतरकाराला शब्दाबाबत येणारा पेच येथे प्लास्टिकबाबत येतो, आणि भाषांतराप्रमाणेच येथेही निव्वळ शब्दनिष्ठा अपुरी पडते.

देहच नसलेले चिलखत

हा मुद्दा २००२ च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स' या चित्रपटातील क्लोन सैनिकांच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. त्या सैनिकांचे चिलखत संगणकीय चित्रणातून दाखवले गेले. पडद्यासाठी ते कोणा नटाने अंगावर चढवलेच नव्हते. संगणकीय प्रतिमेत पत्र्याला वजन नसते, वादी लागत नाही, कातडी चिमटत नाही. हौशी कारागीर हा वेश प्लास्टिकमध्ये घडवतो, तेव्हा ज्या चिलखताला कधी देहच नव्हता त्याला तो प्रथमच देह देतो. खांदा वर उचलताना कवच कोठे जाईल, ते कशाला टांगावे, हे त्याला मुळापासून शोधावे लागते. अशा कृतीला नक्कल म्हणणे कठीण आहे, कारण येथे नक्कल करण्यासारखी मूळ वस्तूच अस्तित्वात नव्हती.

अलीकडे रूढ झालेल्या त्रिमितीय मुद्रणाने यात नवा पेच आणला आहे. देहाची मापे संगणकात भरून भाग आधीच लहान-मोठे करता येतात. ही सोय मोठी आहे. मात्र सर्व भाग एकाच प्रमाणात वाढवले तर उंचीबरोबर घेरही वाढतो, आणि देह तसा वाढत नाही. शिवाय या मुद्रणात नेहमी वापरले जाणारे पी.एल.ए. हे द्रव्य सुमारे ६० अंशांवरच मऊ पडू लागते. उन्हात बंद मोटारीत ठेवलेले चिलखत त्यामुळे वाकडे होऊ शकते. साधन बदलले तरी अंगावर चढवून पाहण्याला पर्याय निर्माण झालेला नाही.

न्यायालयाचा निवाडा आणि समीक्षेचा प्रश्न

एन्सवर्थ यांनी २००४ पासून शिरस्त्राणे व चिलखते लोकांना विकण्यास आरंभ केला आणि लुकासफिल्म कंपनीने त्यांच्यावर दावा केला. अमेरिकेतील न्यायालयाने २००६ मध्ये त्यांच्याविरुद्ध दोन कोटी डॉलरचा हुकूमनामा दिला. इंग्लंडमध्ये प्रकरण उच्च न्यायालय (२००८) व अपील न्यायालय (२००९) यांतून सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जुलै २०११ च्या निवाड्याने शिरस्त्राण हे कायद्याच्या अर्थाने 'शिल्प' नाही, असे ठरवले. कलाकृती म्हणावयाची ती चित्रपटाला; शिरस्त्राण हे त्या निर्मितीप्रक्रियेतील उपयोगाचे साधन, अशी त्यामागील भूमिका होती. त्याच निवाड्याने अमेरिकी कॉपीराइटच्या भंगाबद्दलचा दावा इंग्लंडमध्ये चालवता येतो, असेही ठरवले.

कायद्याची ही विभागणी कायद्यापुरती योग्य असेल. समीक्षेला ती पुरत नाही. शिरस्त्राण चित्रपटाचे साधन असेल, तर चित्रपट संपल्यावर, कॅमेरा नसताना, रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहिलेले तेच रूप कशाचे साधन आहे? तेथे ते युद्धाच्या उपयोगाचे नाही आणि चित्रीकरणाच्याही नाही. ते ज्याने घडवले त्याच्या श्रमांचे आणि ज्याच्यावर बसले त्याच्या देहाचे रूप आहे. मालकी कोणाची हा प्रश्न न्यायालयाने सोडवला. कृती कोणाची हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते, की प्लास्टिकच्या चिलखताची समीक्षा दोन निकषांनी व्हावयास हवी. मूळ रूपाशी असलेले साम्य हा पहिला. देहाशी साधलेली जुळणी हा दुसरा. पहिल्याला तपासणीची यंत्रणा आहे, दुसऱ्याला ती नाही, म्हणून पहिल्याचे प्राबल्य वाढते. वास्तविक दोन तास उभे राहिल्यावर ज्याच्या परिधानकर्त्याला घेरी येते, ते चिलखत छायाचित्रात कितीही निर्दोष असले तरी वेश म्हणून फसलेलेच मानावे लागेल.

व्यक्तीला पुसण्यासाठी कल्पिलेला गणवेश घडवताना प्रत्येक पायरीवर व्यक्तीचे माप घ्यावे लागते. बाहेरून दहा सैनिक एकसारखे दिसतात. आतून प्रत्येकाच्या वाद्यांची लांबी वेगळी असते. या वेशाची खरी कारागिरी त्या वाद्यांत आहे, आणि ती पाहावयाची तर वेश उतरवल्यावर, आतल्या बाजूने पाहावी लागते. समीक्षेने आजवर हा वेश केवळ बाहेरून पाहिला. यापुढे तो आतूनही तपासला जावा, इतकीच येथे अपेक्षा आहे.