विचलन आणि शिक्का : 'उचल्या'च्या वाचनाविषयी

विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसून नियम लावणाऱ्यांनी माणसावर मारलेला शिक्का असतो, हे हॉवर्ड बेकर यांचे १९६३ मधील प्रतिपादन खानदेशात तपासून पाहण्यासारखे आहे. ज्या भिल्लांना कंपनी सरकारने लुटारू ठरवले, त्यांच्यातूनच १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. माणसे तीच, शिक्का बदलला, कारण तो मारणाऱ्याची गरज बदलली.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'चे (१९८७) वाचन मात्र अनेकदा 'गुन्हेगार जमातीचे दर्शन' एवढ्यावरच थांबते. वस्तुतः ते चोरीइतकेच, चोरीवर पोसलेल्या पोलिसी नियंत्रणाचेही कथन आहे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. तेथे फिरस्तेपण हाच पुरावा ठरला.

म्हणून भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या समीक्षेने 'हे गुन्हेगार का झाले?' याआधी 'यांना गुन्हेगार कोण ठरवते?' हे विचारले पाहिजे. तसे न विचारणारी सहानुभूतीही त्या शिक्क्याला मान्यताच देते.