‘रसायन’ आणि ‘प्रतिकार’: उपचारनामांची चिकित्सा

‘केमो’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, कर्करोगावर शिरेतून दिले जाणारे कोणतेही औषध त्यात सामावते. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेला रुग्ण ‘केमोला चाललो’ एवढेच सांगतो. बोलीतील हा अर्थविस्तार स्वाभाविकच होय. आक्षेप आहे तो लेखी मराठीवर. ‘रसायनोपचार’, ‘प्रतिकारशक्तिवर्धक उपचार’ अशी नावे योजून तिने हा गोंधळ निस्तरण्याऐवजी पक्का केला आहे.

मूत्रपिंडाच्या कर्करोगात हा दोष विशेष जाणवतो. पेशीनाशक रसायनांना हा रोग प्रायः दाद देत नाही. इंटरफेरॉन व इंटरल्यूकिन-२ यांना फ्लुओरोयुरासिल या पेशीनाशकाची जोड देऊन पाहण्यात आली. परंतु १,००६ रुग्णांवरील बहुराष्ट्रीय चाचणीचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, या त्रयीने केवळ इंटरफेरॉनपेक्षा आयुष्य वाढत नाही. पेम्ब्रोलिझुमॅबसोबत दिली जाणारी ॲक्सिटिनिबची गोळी ही गाठीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांची वाढ रोखते. तिला ‘केमो’ म्हणणे चूकच. उलटपक्षी, डोके व मान यांच्या कर्करोगावर टाटा रुग्णालयात झालेल्या १५१ रुग्णांच्या चाचणीत जोड खरीखुरी होती: मेथोट्रेक्सेटसह तीन तोंडी औषधे आणि निव्होलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅम मात्रा. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

‘रसायन’ शब्दाची तर शोकांतिकाच आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘रसायन’ हे बल व आयुष्य वाढविणारे अंग; तोच शब्द पेशी मारणाऱ्या औषधाला चिकटला. ‘वर्धक’ मात्र याहून घातक ठरतो. निव्होलुमॅब काही वाढवीत नाही. रक्षक पेशींवरील लगाम ते काढून घेते. मोकळ्या सुटलेल्या पेशी आतडे, फुप्फुस वा थायरॉईड यांवरही उलटू शकतात. शक्तिवर्धक औषध घेतले आहे अशा समजुतीचा रुग्ण जुलाब लागले तर ते बाहेरच्या खाण्याचे म्हणून घरीच थांबतो. वस्तुतः त्याच दिवशी डॉक्टरांना कळविणे आवश्यक असते.

‘प्रतिकारमोचन’ हा पर्याय सुचविता येईल. परंतु त्याचा विग्रह षष्ठी तत्पुरुष की पंचमी तत्पुरुष? प्रतिकाराची सुटका की प्रतिकारापासून सुटका? त्यापेक्षा संमतिपत्रात ‘शरीराच्या रक्षक पेशींचा लगाम सोडणारे औषध’ असे लांबलचक पण निःसंदिग्ध वर्णन घालणे बरे.