मैदानावर कुणाला काय खुपलं

ऑक्टोबर २०१८. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं ब्रुकहेवन हे लहानसं गाव. शुक्रवारी रात्री शाळांचा फुटबॉल सामना होता. मध्यंतराला जॅक्सन शहरातून आलेल्या फॉरेस्ट हिल हायस्कूलचा बँड मैदानात उतरला. शोचा विषय होता ‘जॉन क्यू’, म्हणजे डेन्झेल वॉशिंग्टनचा २००२ सालचा सिनेमा. त्यात मुलाच्या हृदयप्रत्यारोपणाला पैसे नाहीत म्हणून बाप हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातल्या लोकांना ओलीस धरतो. कथेप्रमाणे काही मुलांनी पोलिसांचा वेश केलेल्या मुलांवर खेळण्यातल्या बंदुका रोखल्या. त्याच गावात सहा दिवसांपूर्वी दोन पोलीस गोळ्या लागून मेले होते. फोटो रातोरात पसरला. राज्यपालांनी निषेध केला, शिक्षण मंडळाने माफी मागितली आणि बँडच्या शिक्षकांना रजेवर पाठवलं.

असे शो उन्हाळ्याच्या सुटीतच बसायला लागतात, त्यामुळे गावाच्या जखमेवर मीठ चोळायचा कुणाचा इरादा असणं शक्य नव्हतं. तरीही बसमधून उतरण्याआधी एका तरी मोठ्या माणसाने ‘आज बंदुकांचा भाग गाळू’ म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही गावात हाच प्रसंग टाळ्या घेऊन गेला असता, आणि मार्चिंग बँडच्या कलेतल्या आक्षेपार्हतेची अडचण नेमकी इथे आहे. मैदानावर काय घडलं एवढ्याने काहीच ठरत नाही. समोर कोण बसलंय, आणि समोर बसलेल्यांत आपण कुणाला धरतो, यावर सगळं अवलंबून असतं.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांना ही दुनिया परकी नाही. मुलगी क्लॅरिनेट घेऊन ऑगस्टच्या उन्हात बँड कॅम्पला जाते आणि आईवडील पाण्याच्या बाटल्या वाहतात. इथल्या वाचकासाठी थोडक्यात सांगायचं तर शाळा-कॉलेजांचे मार्चिंग बँड, झेंडे आणि लाकडी रायफली हवेत फेकून झेलणारे कलर गार्ड, आणि मुख्यतः पितळी वाद्यं व ड्रम घेऊन उन्हाळाभर देशभर फिरणारे दीडशेच्या आसपास पोरांचे ‘ड्रम कोअर’ असा हा पसारा आहे. कवायत, वाद्यवृंद आणि नाटक यांची ही भेसळ गेल्या पन्नास वर्षांत नाटकाकडे बरीच झुकली आहे.

सुरुवातीला आक्षेप घेण्याचा मक्ता माजी सैनिकांकडे होता. ड्रम कोअरच्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि परदेशी युद्धांतल्या सैनिकांची संघटना यांच्या आश्रयाने वाढल्या. राष्ट्रध्वज मैदानात न्यायचा, त्याला मानवंदना द्यायची, त्याचा मान राखण्यात कसूर झाली की गुण कापायचे, असा खाक्या होता. काय चालत नाही ते नियमपुस्तकात छापलेलं असे आणि त्याची किंमत अपूर्णांकात ठरलेली असे. एका अर्थाने सोपा काळ म्हणायचा. १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी युद्धविरोधी कार्यक्रम बसवला आणि मैदानावर मुलांच्या रांगांतून शांतीचं चिन्ह उभं केलं. लष्करी गणवेशातली पोरं युद्ध नको म्हणतात, हे छातीवर पदकं लावून बसलेल्या प्रेक्षकांना कसं वाटलं असेल याची कल्पना करावी. पुढच्याच वर्षी ड्रम कोअर इंटरनॅशनलची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सूत्रं माजी सैनिकांच्या हातून कोअरच्या स्वतःच्या हाती आली. काही वर्षांत बेयॉनचे ब्रिजमेन पिवळे लांब कोट आणि रुंद टोप्या घालून आले. शोच्या शेवटी अख्खा कोअर बेशुद्ध पडल्यासारखा मैदानावर कोसळायचा. जुन्या लोकांना ती शिस्तीची टिंगल वाटली, पब्लिकने मात्र डोक्यावर घेतलं.

बाईने बँडच्या रांगेत उभं राहणं हेही त्याच काळापर्यंत अनेकांना खुपत होतं. मिशिगन विद्यापीठाच्या मार्चिंग बँडने १९७२ मध्ये मुली घेतल्या, ओहायो स्टेटने १९७३ मध्ये. लिंगभेदाला बंदी करणारा केंद्रीय कायदा आला नसता तर या परंपरा आणखी किती टिकल्या असत्या कोण जाणे.

स्टॅनफर्डच्या बँडची तऱ्हाच वेगळी. कवायत नाहीच, सगळे सैरावैरा धावत जागेवर जातात, निवेदक तिरकस संहिता वाचतो आणि समोरच्या संघाची खोडी काढली जाते. १९९७ मध्ये नोट्र डेम या आयरिश कॅथलिक परंपरेच्या विद्यापीठाविरुद्ध खेळताना त्यांनी आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळावर विनोद केले. २००४ मध्ये मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठासमोर बँडचा एक जण गुडघा टेकून पाच नववधूंना एकामागून एक मागणी घालत होता. पहिल्या खेपेला बंदी आली, दुसऱ्या खेपेला विद्यापीठाने माफी मागितली. २०१६ च्या रोझ बोल सामन्यात शेतीप्रधान आयोवाच्या संघासमोर त्यांनी गाय नाचवली आणि शेतकऱ्यांच्या लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाची टर उडवली. स्टेडियमने हुर्यो केली, टीव्हीने कॅमेरा दुसरीकडे वळवला. मला या बँडचा उद्धटपणा एरवी आवडतो. पण देशातल्या सगळ्यात श्रीमंत विद्यापीठांपैकी एकाच्या पोरांनी भुकेने मेलेल्या दहा लाख माणसांवर किंवा शेणात हात घालणाऱ्यांवर हसावं, यात धाडस कुठे आहे? चेष्टा वरच्या दिशेने केली तर ती चेष्टा.

आक्षेप घेणारा नेहमी बरोबर असतो असंही नाही. २००९ मध्ये मिझूरीतल्या सिडेलियाच्या शाळेने आपल्या बँडचे टी-शर्ट परत मागवले. कारण काय, तर त्यावर माकडापासून माणसापर्यंतची रांग हातात पितळी वाद्यं घेऊन चालली होती आणि काही पालकांना उत्क्रांतीवाद खुपला. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यू ऑक्सफर्डच्या शाळेने रशियन क्रांतीवर शो केला, तर विळा-हातोडा पाहून मुलांना साम्यवादी केलं जातंय अशी ओरड झाली. दोन्हीकडे कुणाचा अपमान झाला होता हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

इलिनॉयचा मामला मात्र खोलवर जातो. अर्बाना-शॅम्पेनच्या विद्यापीठात १९२६ पासून हाफटाइमला ‘चीफ इलिनिवेक’ नाचायचा. बँड मैदान व्यापून वाजवत असे, त्याच्या रांगांत लपत हा ‘सरदार’ पुढे सरके आणि एकदम मोकळ्या जागेत प्रकटे. पिसांचा भला मोठा शिरपेच, झालरींची कातडी वस्त्रं, गुडघे छातीपर्यंत उचलून घेतलेल्या उड्या, शेवटी छातीवर हातांची घडी. हजारो लोक उभे राहात, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येई. वेशाखाली गोरा विद्यार्थी असे. नाच बॉय स्काउटच्या शिबिरांतून आलेला. १९८२ पासूनचा पोशाख लकोटा लोकांकडून घेतलेला, म्हणजे इलिनॉयच्या जमातींशी त्याचा संबंध नाही. आणि त्या जमातींचे वंशज, पिओरिया लोक, केव्हाच ओक्लाहोमात हाकलले गेलेले. ज्यांच्या नावाचा हा सन्मान होता ते सोडून बाकी सगळे स्टेडियममध्ये हजर होते.

१९८९ मध्ये स्पोकेन जमातीची शार्लीन टीटर्स ही चित्रकलेची विद्यार्थिनी आपल्या मुलांना सामना दाखवायला घेऊन गेली. मुलं खुर्चीत खाली खाली सरकत गेली. त्यानंतर ती हातात फलक घेऊन स्टेडियमबाहेर उभी राहू लागली. येणारे-जाणारे तिला शिव्या देत. पिओरिया जमातीच्या परिषदेने २००० मध्ये हा प्रकार थांबवायची मागणी करणारा ठराव केला, २००५ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेने अशा प्रतीकांवर निर्बंध आणले, आणि २१ फेब्रुवारी २००७ ला इलिनिवेक शेवटचं नाचला. ऐंशी वर्षांत नाचात फारसा फरक पडला नव्हता. पडला तो प्रेक्षकांच्या यादीत, कारण खुर्चीत खाली सरकणारी दोन मुलं आता त्या यादीत आली होती. माजी विद्यार्थ्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. त्यांच्या लेखी तो आदरच होता. पण ज्याला आदर द्यायचा त्याने ‘नको’ म्हटल्यावरही तो देत राहिलं तर त्याला आदर म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात.

मिसिसिपी विद्यापीठाच्या बँडला ‘डिक्सी’ सोडायला याहूनही जास्त वेळ लागला. गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायची त्या मिन्स्ट्रेल तमाशांसाठी १८५९ मध्ये रचलेली ही चाल पुढे गुलामगिरी राखायला लढलेल्या दक्षिणेचं गाणं झाली. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या पहिल्या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून याच आवारात दंगल होऊन दोन माणसं मेली. त्यानंतरही बँड ‘डिक्सी’ वाजवत राहिला, आणि काळ्या वादकांनी ती वाजवावी अशी अपेक्षाही राहिली. २००९ मध्ये एक मिश्रण बंद झालं, कारण त्याच्या शेवटी प्रेक्षक दक्षिण पुन्हा उठेल अशी घोषणा देत. बाकीचं सगळं २०१६ मध्ये गेलं.

आपल्याकडे २०२२ मध्ये बीटिंग रिट्रीट या सैनिकी बँडांच्या सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ हे गांधीजींचं आवडतं स्तोत्र काढून सी. रामचंद्रांची ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चाल घेतली, तेव्हा परकीय अमदानीचा वारसा नको असं कारण पुढे आलं. चाल आपल्या मराठी माणसाची, आवाज लताबाईंचा, वाईट कुणाला वाटणार? पण ते स्तोत्र ऐकून कुणी दुखावलं होतं का, हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

ड्रम कोअरने या सगळ्यापासून काय धडा घेतला? बहुतेक सुरक्षित विषय निवडण्याचा. आधी असं नव्हतं. १९९१ मध्ये सांता क्लारा व्हॅनगार्डने ‘मिस सायगॉन’ केलं. त्याच सुमारास त्या संगीतिकेवरून न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या नटाने आशियाई भूमिका करण्याचा वाद पेटलेला होता, पण कोअरच्या दुनियेत त्याची फारशी झळ लागली नाही. २००८ मध्ये फँटम रेजिमेंटने ‘स्पार्टाकस’मध्ये मैदानावर खून पाडले आणि अजिंक्यपद जिंकलं. पूर्वी नुसत्या वाद्यांवर भागत होतं, चालीला हवा तो निरागस अर्थ देता यायचा. २००४ पासून ध्वनिवर्धक आणि २००९ पासून सिंथेसायझर आले आणि शो बोलू लागले. बोललं की पकडलं जाण्याची भीती आली. आता वर्षामागून वर्षं प्रकाश आणि अंधार, प्रवास, काळ, आरसा असले विषय येतात. अंगाला चिकटलेले कपडे, तिरकी व्यासपीठं, कवितेसारखं काहीतरी पुटपुटणारा ध्वनिमुद्रित आवाज. तंत्र थक्क करणारं असतं, पण आशय धुतल्या तांदळासारखा. शंभरातले चाळीस गुण एकूण परिणामाला आहेत, आणि ज्याचा कुणालाच त्रास होत नाही त्याचाही परिणाम परीक्षकांना दिसतो. ब्लू डेव्हिल्सनी २०१२ मध्ये दादावादावर ‘कॅबरे व्होल्टेअर’ केलं तेव्हा जुने रसिक चिडले ते सलग सूर ऐकू येत नाही म्हणून. जिंकले ते ब्लू डेव्हिल्सच.

मैदान असं निर्मळ होत असताना बसमध्ये काय चाललं होतं? फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या ‘मार्चिंग हंड्रेड’ या नामवंत बँडचा ड्रम मेजर रॉबर्ट चॅम्पियन नोव्हेंबर २०११ मध्ये बँडच्याच बसमध्ये सहकाऱ्यांनी केलेल्या रॅगिंगच्या मारहाणीत मेला. १९३४ पासून चाललेला कॅडेट्स हा कोअर, तोच ज्याने शांतीचं चिन्ह उभं केलं होतं, लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणातल्या दाव्याच्या ओझ्याखाली २०२४ मध्ये बंद पडला. या कलेचं सगळं शिक्षण प्रेक्षागाराच्या वरच्या रांगेतून कसं दिसेल याचं असतं. तिथून बस दिसत नाही.

अलीकडचा आक्षेप म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो रांगेतूनच येतो. कोलंबिया विद्यापीठाच्या बँडने २०२० मध्ये आपल्याच इतिहासातल्या वर्णद्वेषाचा आणि लैंगिक अत्याचारांचा पाढा वाचून एकमताने स्वतःला विसर्जित केलं. मला तो उतावीळपणा वाटला; घर झाडायचं सोडून विकून टाकल्यासारखा. टेक्सास विद्यापीठात त्याच वर्षी ‘द आइज ऑफ टेक्सास’ हे विद्यापीठगीत वाजवायला बँडमधल्या अनेक मुलांनी नकार दिला. हे गाणं १९०३ मध्ये तोंडाला काळं फासून केलेल्या मिन्स्ट्रेल कार्यक्रमात पहिल्यांदा म्हटलं गेलं होतं. पुरेसे वादक मिळेनात म्हणून ऑक्टोबरमधल्या बेलरविरुद्धच्या सामन्याला बँड वाजलाच नाही. मोठमोठे देणगीदार खवळले. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठाच्या समितीने गाण्यामागे वर्णद्वेषी हेतू नव्हता असा निर्वाळा दिला. हेतू कुणाचा होता आणि तोंडाला ट्रम्पेट लावून उभं कुणी राहायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि अहवालाने पहिल्याचंच उत्तर दिलं. त्यानंतर विद्यापीठाने जाहीर केलं की लाँगहॉर्न बँडमध्ये राहायचं तर गाणं वाजवावंच लागेल, आणि ज्यांना ते वाजवायचं नाही त्यांच्यासाठी वेगळा बँड काढू. शंभर वर्षांची कीर्ती, गणवेश आणि सामन्यांतली जागा पहिल्या बँडकडे राहिली. दुसऱ्याच्या वाट्याला काय येणार, याबद्दल घोषणेत फारसं काही नव्हतं.