समासातील कवी : कॅडमनच्या कथेचे पुनर्वाचन

इंग्रजी कवितेचा आरंभ कॅडमनपासून सांगण्याची प्रथा वाङ्मयेतिहासात रूढ आहे. या आरंभाची साक्ष मात्र लॅटिनमध्ये आहे, आणि पहिल्या इंग्रज कवीचे नावही मुळात केल्टिक आहे. नॉर्थंब्रियातील मठवासी इतिहासकार बीड याने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या धर्मसंस्थेच्या इतिहासात ही कथा येते. मेजवानीत हार्प हातोहात फिरत आपल्याकडे येऊ लागले की कॅडमन उठून जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात निजला असता स्वप्नातील पुरुषाने त्याला सृष्ट्युत्पत्तीचे गीत गाण्याची आज्ञा केली, आणि तो गायला.

स्वप्नानंतरचा भाग अधिक अर्थपूर्ण आहे. कारभारी त्याला व्हिट्बी येथील मठाच्या प्रमुख हिल्ड यांच्यापुढे नेतो. विद्वानांसमक्ष परीक्षा होते. धर्मग्रंथातील एक प्रसंग पद्यबद्ध करायला दिला जातो आणि तो त्याने साधल्यावरच मठाचे दार उघडते. पुढे विद्वानांकडून ऐकलेले तो रवंथ करणाऱ्या शुद्ध पशूप्रमाणे घोळवून मधुर पद्यात परत करी, असे बीड म्हणतो. ही उपमा मठातील मननाच्या परिभाषेतून आली, हे खरे. पण ती गुरे राखणाऱ्याला लावली जाते तेव्हा तिच्यातील सामाजिक अंतर नजरेआड करता येत नाही.

बीड गीताचा केवळ आशय देतो. शब्दशः भाषांतराने पद्याचे सौंदर्य उणावते, ही त्याचीच कबुली. इंग्रजीतील नऊ ओळी सेंट पीटर्सबर्ग येथील आठव्या शतकातील हस्तलिखितात पानाच्या तळच्या समासात, तर केंब्रिजच्या मूर हस्तलिखितात अखेरच्या पानावर आढळतात. त्या बीडच्या लॅटिनवरूनच मागाहून रचल्या गेल्या असाव्यात काय, ही शंका केव्हिन किअर्नन यांनी १९९० मध्ये उपस्थित केली. शैलीच्या आधारे तिचे निरसन होत नाही. साचेबद्ध शब्दसंहती हा मौखिकतेचा पुरावा, असे फ्रान्सिस मॅगून यांनी १९५३ मध्ये मांडले होते. पण लॅटिनवरून अनुवादिलेल्या प्राचीन इंग्रजी पद्यांतही तशाच संहती विपुल आहेत, हे लॅरी बेन्सन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. ईश्वरासाठी योजलेला 'द्रिख्टेन' हा शब्द मूळचा योद्ध्यांच्या टोळीच्या नायकाचा. त्यावरून वीरकाव्याची परिभाषा नव्या धर्माच्या सेवेत रुजू झाल्याचे कळते. ती कोणी रुजू केली, गुराख्याने की लेखनिकाने, हे कळत नाही.

आल्फ्रेड राजाच्या काळाशी निगडित मानल्या जाणाऱ्या बीडच्या इंग्रजी अनुवादात हे गीत समासातून मुख्य संहितेत आले. याच अनुवादात आणखी एक बदल झाला. लॅटिनमध्ये कॅडमनचे गुरू त्याचे श्रोते होतात. इंग्रजीत ते त्याच्या मुखातले शब्द लिहून घेतात. कॅडमनच्या हाती लेखणी कोणत्याच पाठात नाही.