प्लिनीचा आकडा आणि पवनीचा कोट

सातवाहनांबद्दल काहीही वाचायला घ्या, रोमन लेखक प्लिनी कुठेतरी भेटतोच. आंध्रांकडे तटबंदीची ३० नगरं, १ लाख पायदळ, २,००० घोडदळ आणि १,००० हत्ती आहेत, असं तो लिहितो. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला मातीचा जुना कोट आहे, खंदक आहे. त्यामुळे त्या ३० मध्ये पवनीलाही बसवून टाकायचा मोह होतो. त्याआधी हा आकडा आला कुठून, ते बघू.

थोरला प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याचे इतिहासग्रंथ हरवले; उरला तो ३७ खंडांचा ‘नॅचरालिस हिस्टोरिया’. गडी भारतात कधीच आला नव्हता. सुमारे २,००० पुस्तकं वाचून माहिती गोळा केली, असं तो स्वतःच सांगतो. आमच्या भाषेत हा ‘रिव्ह्यू पेपर’. एक मात्र मानावं लागेल: पहिल्या खंडात तो आपल्या आधारांची यादी देतो, आणि नाव न घेता जुन्यांची नक्कल करणाऱ्यांना प्रस्तावनेत झापतो. आजच्या कितीतरी प्रबंधांपेक्षा हे बरं.

अडचण पुढे आहे. ३० नगरांचा आकडा सहाव्या खंडात येतो. भारतातल्या राज्यांच्या बळाची माहिती ग्रीक लेखकांनी दिली, हे सांगताना तिथेच प्लिनी मेगास्थेनिसचं नाव घेतो. मेगास्थेनिस चंद्रगुप्त मौर्याच्या काळातला, म्हणजे प्लिनीच्या साधारण साडेतीनशे वर्षं आधीचा! मग हे सैन्य सातवाहनांचं, की त्यांच्याही आधीच्या आंध्रांचं? पुस्तकाची तारीख म्हणजे नोंदीची तारीख नव्हे.

याच खंडातला दुसरा आकडा: भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो. १०० सेस्टर्सला एक सुवर्णमुद्रा, तिचं वजन सव्वासात ग्रॅमच्या आसपास. सगळी रक्कम सोन्यात धरली तर साडेतीन टनांहून जास्त होते. इथे मी प्लिनीला जास्त मार्क देईन. ही त्याच्याच काळाची गोष्ट आहे, आणि त्याने प्रांतांचा कारभार व आरमार दोन्ही सांभाळलं होतं. पण रोमच्या चैनीवर तो चिडलेला असतो, हेही विसरू नका. व्यापार मोठा होता, एवढं घ्या. ५ कोटी हा हिशेबवहीतला आकडा समजू नका.

आणि पवनी? तिचं नाव प्लिनीने घेतलेलं नाही. तिला त्याची गरजही नाही. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात इथले स्तूप उजेडात आले, ब्राह्मी लेख कोरलेले दगड मिळाले. क्षत्रप कुमार रुपिअम्माचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. हे पुरावे जागेवरचे आहेत, कुणाच्या टिपणातून उतरवलेले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी ‘प्लिनी म्हणतो’ असं वाचलं की एवढंच विचारा: कोणत्या काळाबद्दल, आणि कुणाचं वाचून?